आदिमानव काय जेवत होता?

‘सर, आदिमानवासारखं खाल्लं की वजन उतरतं म्हणे. मग भाकरी बंद करायची का?’ उमापूरसारख्या गावातल्या वर्गातही आज हा प्रश्न येऊ शकतो. तो हसण्यावारी नेऊ नये. वाढीच्या वयात एखाद्या मुलीने भाकरी, डाळ, दूध सोडले आणि त्याजागी दुसरे पौष्टिक काही मिळाले नाही, तर नुकसान तिचेच.

या आहारामागचा युक्तिवाद असा : शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची, आपले शरीर मात्र त्याआधीच्या लाखो वर्षांत घडले. म्हणून मांस, फळे, कंद खावेत. धान्य, डाळी, दूध टाळावे.

पण आदिमानव काय खात होता, हे आपल्याला कळते कसे? उमापूर गोदावरीच्या खोऱ्यात आहे. याच खोऱ्यात, प्रवरेकाठच्या नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथे नदीच्या जुन्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. दगड टिकतो, कधी हाडेही टिकतात. पाने, कंद, दाणे बहुधा कुजून जातात. त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर फक्त शिकारीच उभा राहतो.

जिथे दाणे टिकले, तिथे चित्र बदलते. इस्राएलमधील ओहालो येथील सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची वस्ती पाण्याखाली गेली, म्हणून तिथले जळके दाणे वाचले. त्यांत रानटी जव आणि गहू होते. धान्य वाटण्याचा दगडही होता. म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता.

मग वजन उतरते कशाने? साखर, मैदा, तळलेले पदार्थ बंद होतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ३४० किलोकॅलरी मिळतात. भाकरीही सुटली की तेवढी ऊर्जा कमी होते. सुरुवातीला उतरलेल्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा असतो. यात अश्मयुगाची जादू नाही, आहे तो हिशोब.

वर्गासाठी एक प्रयोग : पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळेच्या आवारात हाडाचा तुकडा, दगड, भाकरीचा तुकडा आणि पालकाची पाने पुरा. दोन महिन्यांनी उकरा. जे उरले असेल, तेवढ्यावरून आपले जेवण ओळखायला मुलांना सांगा.