हिरड्यांच्या विकारात दंतमुळांवरील लेसर उपचार : एक विवेचन

प्रस्तावना :

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे तेलंगणा व महाराष्ट्र यांच्या सीमाभागातील मंडलाचे ठिकाण होय. या परिसरात मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडी या भाषा बोलल्या जातात. दुखण्याचे नाव भाषेप्रमाणे बदलते. परंतु वय झाले की दात हलणारच, व हललेला दात काढून टाकावा, ही समजूत सगळीकडे सारखीच आढळते. वस्तुतः दात हलणे हे केवळ वयाचे लक्षण नसून बहुतेक वेळा हिरड्यांच्या जुन्या रोगाचा तो शेवटचा टप्पा असतो. सामान्य लोक यास ‘पायोरिया’ म्हणतात. अलीकडे शहरांतील दवाखान्यांत या रोगावर ‘लेसर उपचार’ केले जातात. हा उपचार नेमका काय आहे, त्याने काय साध्य होते आणि खेड्यातील रुग्णाने त्यासाठी पदरमोड करावी काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

रोगाचे स्वरूप :

दातावर जिवाणूंचा चिकट थर सतत साचत असतो. तो रोज काढला नाही तर लाळेतील क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते. पुढे हिरडी व दात यांमधील फट खोल होत जाते. निरोगी अवस्थेत ही फट साधारणतः ३ मि.मी.पर्यंत असते, रोगात ती ५, ६ किंवा त्याहून अधिक मि.मी. होते. या खोल फटीत, मुळाच्या पृष्ठभागावर, कीटण व जिवाणूंची विषद्रव्ये चिकटून राहतात. दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजते आणि अखेर दात हलू लागतो.

तंबाखूमुळे हा रोग बळावतो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग असूनही तो लक्षात येत नाही. भारतात २०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. मधुमेह व हिरड्यांचा रोग हेही एकमेकांस वाढवितात.

मूळ स्वच्छ करण्याची परंपरा :

मुळावरील कीटण खरवडून काढणे हाच या रोगावरील मूलभूत उपचार आहे आणि तो फार जुना आहे. अंदलुसमधील शल्यवैद्य अबुल कासिम अल्-जहरावी (इ.स. ९३६ ते १०१३) यांनी ‘किताब अल्-तसरीफ’ या ग्रंथात दातांवरील कीटण काढण्याच्या निरनिराळ्या आकारांच्या हत्यारांचे वर्णन केले आहे. भारतात आधुनिक दंतवैद्यक शिक्षणाचा पाया डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे देशातील पहिले दंत महाविद्यालय स्थापून घातला. आजचा दंतवैद्य बारीक वाकड्या हत्यारांनी किंवा ध्वनिकंपनाच्या यंत्राने तेच काम करतो. मात्र फट खोल असल्यास, किंवा दाढेच्या मुळांच्या बेचक्यात, हत्यार नीट पोहोचत नाही. शिवाय खरवडल्यानंतर मुळावर चुऱ्याचा पातळ लेप राहतो. या अडचणींमुळे लेसरचा विचार पुढे आला.

लेसरचे कार्य :

१९६० मध्ये थिओडोर मैमन यांनी पहिला लेसर तयार केला. लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एकवटलेला प्रकाश. हा प्रकाश कोणत्या पदार्थात शोषला जातो यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. म्हणून सर्व लेसर सारखे नसतात.

१) अर्बियम-याग लेसर : याची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर असून ती पाण्यात सर्वाधिक शोषली जाते. कीटणातील सूक्ष्म जलांशाची क्षणार्धात वाफ होते व त्या धक्क्याने कीटण सुटते. सोबत पाण्याचा फवारा असल्यास मूळ फारसे तापत नाही. मुळावरील लेप निघतो व जिवाणूही नष्ट होतात. त्यामुळे मुळाच्या पृष्ठभागासाठी हा प्रकार अधिक योग्य मानला जातो.

२) निओडिमियम-याग (१०६४ नॅनोमीटर) व डायोड (सुमारे ८१० ते ९८०) : हे रंगद्रव्य व रक्तात शोषले जातात. ते मऊ ऊतींसाठी उपयोगी आहेत. पण कीटण काढण्यास पुरेसे नाहीत. शक्ती जास्त झाल्यास मूळ करपते.

३) कार्बन डायऑक्साइड लेसर (१०,६०० नॅनोमीटर) : हिरडी कापण्यास उत्तम, मात्र मुळावर थेट व सलग मारल्यास पृष्ठभाग वितळून तडे जाऊ शकतात.

उष्णतेचा धोका लहान नाही. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिले तरी हाडास इजा होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून यंत्राइतकेच ते चालविणाऱ्याचे प्रशिक्षण महत्त्वाचे ठरते. डॉक्टर, रुग्ण व मदतनीस या सर्वांनी त्या तरंगलांबीचा संरक्षक चष्मा घालणे आवश्यक असते.

लाभ किती?

अर्बियम लेसरने केलेल्या सफाईचे परिणाम साधारणतः हाताने केलेल्या चांगल्या सफाईइतकेच येतात. हाताच्या सफाईला लेसरची जोड दिल्यास होणारा जादा लाभ अल्प आहे, असे अमेरिकन हिरडीरोग संघटनेच्या २०१८ च्या तज्ज्ञ निवेदनात नमूद आहे. युरोपीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर अशी जोड न देण्याचीच सूचना आहे. ६ मि.मी. वा अधिक फट उरल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. झिजलेले हाड लेसरने आपोआप भरून येते, हा समज चुकीचा आहे.

निष्कर्ष :

बोथसारख्या ठिकाणच्या रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न यंत्राचा नसून वेळेचा आहे. कापूस विकून आलेला पैसा लेसरवर खर्च करण्यापूर्वी पुढील बाबी ध्यानात घेणे हिताचे ठरेल.

१) हिरडीतून रक्त येणे हीच पहिली सूचना, दात हलेपर्यंत थांबू नये.
२) लेसर परवडत नाही म्हणून उपचारच सोडू नये. मुळांची नीट केलेली साधी सफाई हाच आजही मुख्य उपचार आहे. हैदराबाद व नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.
३) लेसर सुचविला गेल्यास तो कोणत्या प्रकारचा व कशासाठी, हे विचारावे.
४) उपचारानंतर ठरावीक काळाने, बहुधा दर तीन महिन्यांनी, पुन्हा तपासणी करून घ्यावी.
५) तंबाखू, गुटखा व विडी सोडावी, मधुमेह आटोक्यात ठेवावा.

ब्रश असो, कडुलिंबाची काडी असो की मिस्वाक, हिरडीच्या कडेची रोजची सफाई टळली तर महागडा किरणही दात वाचवू शकत नाही. आणि ती सफाई नियमित राहिली, तर अनेकांवर लेसरपर्यंत जाण्याची वेळच येणार नाही.