भीतीचे वेळापत्रक

(तृतीय वर्ष कला)

भयकथा लिहिणारा लेखक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. मध्यरात्र, बाहेर पाऊस, टेबलावर मिणमिणता दिवा आणि केस विस्कटलेला एक गृहस्थ झपाटल्यासारखा लिहीत बसलेला. माझ्याही मनात हेच चित्र होते. दोन वर्षांपूर्वी मी पहिली भुताची कथा लिहिली, तीसुद्धा मुद्दाम रात्री बारानंतर आणि घरातले सगळे दिवे मालवून. त्या कथेने पुढे जे घडवले, त्यामुळे मला या लेखकांच्या कामाच्या पद्धतीचा शोध घ्यावा लागला. हा लेख म्हणजे त्या शोधाची हकीकत.

आमचे घर टिटवाळ्याला. गाव महागणपतीचे. अंगारकीला स्टेशनापासून देवळापर्यंत माणसांचा पूर लोटतो. पण एरवी दिवेलागणीनंतर काळू नदीच्या बाजूला शुकशुकाट असतो. त्या वाटेवर एक जुना पिंपळ आहे. माझी कथा त्या पिंपळावरच होती. गल्लीतल्या गणेशोत्सवात मी ती वाचून दाखवली. कथा थोडी लंगडी पडते आहे हे मला आतून जाणवत होते, म्हणून सुरुवातीलाच मी ठोकून दिले, "मंडळी, ही सत्यघटना आहे." टाळ्या भरपूर पडल्या.

आठ-दहा दिवसांनी शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. अंगात थंडी भरे, मग दरदरून घाम येई. त्याच्या आईला आठवले की, चेंडू आणायला तो पिंपळाखाली गेला होता. देवऋषी आला. लिंबू उतरवले, अंगारा लावला, दंडाला काळा दोरा बांधला. यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी माझ्या आईने भांडून त्याला डॉक्टरकडे नेले. हिवताप निघाला. कल्याणच्या इस्पितळात आठवडाभर ठेवावे लागले. मुलगा वाचला. त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याची आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पण तूच तर सांगितलं होतंस ना, खरं आहे म्हणून?"

त्यानंतर कित्येक दिवस मी लिहिले नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. तिथे जाऊन मी भयकथा पुन्हा वाचायला घेतल्या. या वेळी घाबरण्यासाठी नव्हे, तर घाबरवणारा माणूस काम कसे करतो ते पाहण्यासाठी.

पहिला धक्का ब्रॅम स्टोकरने दिला. 'ड्रॅक्युला' १८९७ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिणारा गृहस्थ तरुणपणी डब्लिनला सरकारी कचेरीत नोकरीला होता. न्यायालयीन कारकुनांच्या कर्तव्यांवर त्याने एक जाडजूड पुस्तक लिहिले होते! पुढे लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापन त्याने सांभाळले. 'ड्रॅक्युला'ची तयारी त्याने काही वर्षे केली. १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावी तो राहिला, तिथल्या वाचनालयात पुस्तके चाळली, टिपणे घेतली. 'ड्रॅक्युला' हे नाव त्याला तिथल्याच एका पुस्तकात सापडले. १८८५ साली त्या किनाऱ्याला लागलेल्या एका रशियन जहाजाची माहिती त्याने गोळा केली आणि कादंबरीत तसेच जहाज आणले. ट्रान्सिल्व्हानियात त्याने कधी पाऊल टाकले नाही. पण आगगाड्यांच्या वेळा मात्र काटेकोर टिपून ठेवल्या. कादंबरीच्या पहिल्या पानावर भूत नाही. गाडी तासभर उशिरा पोचल्याची तक्रार आहे!

रोज लोकलने कॉलेजला येणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली खुबी चटकन कळावी. गाडी उशिरा येते हे ज्याचे म्हणणे आपल्याला पटते, त्याचे पुढचे म्हणणेही आपण नकळत पटवून घेऊ लागतो. भीतीचा पाया असा रोजच्या, तपासून पाहता येणाऱ्या गोष्टींवर रचलेला असतो.

दुसरा लेखक अमेरिकेचा स्टीफन किंग. शाळेत इंग्रजी शिकवून तो संसार चालवी, आणि त्याची बिऱ्हाडाची जागा म्हणजे चाकांवरचे एक घर. 'कॅरी' या कादंबरीची सुरुवातीची पाने त्याने कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. त्याच्या पत्नीने ती काढून वाचली आणि पुढे लिहायला लावले. १९७४ साली ते पुस्तक आले आणि त्याचे नशीब पालटले. आपल्या लेखनाविषयी त्याने २००० साली एक पुस्तक लिहिले आहे. त्यात कुठे मंत्रतंत्र नाही. रोज ठरल्या वेळी बसायचे, दार लावून घ्यायचे, दोन हजार शब्द झाल्याशिवाय उठायचे नाही, असा साधा हिशेब आहे. सणवारही त्याला अपवाद नाहीत. आणि स्फूर्ती? वर्गात 'ड्रॅक्युला' शिकवताना त्याच्या मनात आले की, हा उमराव आज, आपल्या काळात आला तर? त्या एका 'तर'मधून १९७५ ची 'सेलम्स लॉट' जन्मली.

ती कादंबरी मराठीत आली नारायण धारपांच्या हातून, 'लुचाई' होऊन. धारप (१९२५–२००८) विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदवीधर. भयकथेबरोबर विज्ञानकथाही त्यांनी लिहिली. परकी कल्पना घेऊन ती मराठी मातीत कशी रुजवावी, हे त्यांच्याकडून शिकावे. ते नुसते भाषांतर करत नाहीत. माणसे, नाती, वाडे, अंधार, सगळे आपले होते. त्यांच्या समर्थकथा घ्या. संकट सोडवणारा समर्थ असामान्य आहे, पण कथा सांगतो तो अप्पा जोशी, तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस. तो घाबरतो म्हणून आपण घाबरतो. 'तुंबाड' (२०१८) या गाजलेल्या चित्रपटामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. लंडनची कल्पना अमेरिकेत आणि तिथून पुण्यात, असा हा भीतीचा प्रवास. प्रत्येक स्टेशनावर तिने तिथले कपडे घातले.

पण माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते रत्नाकर मतकरींपाशी (१९३८–२०२०). अर्थशास्त्राची पदवी घेऊन १९५८ पासून वीस वर्षे त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली. दिवसा खातेवह्या आणि उरल्या वेळात कथा, नाटके, बालनाट्य. 'खेकडा'सारख्या कथा या नोकरीच्या काळातल्याच. १९७८ साली नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. आपल्या कथांना ते भयकथा म्हणत नसत, गूढकथा म्हणत. हा शब्दाचा हट्ट नव्हे. त्यांच्या कथेतली भीती झाडावर बसलेली नसते. मत्सर, अपराधीपणा, एकटेपणा, न फिटलेली इच्छा यांच्या तळाशी ती असते. म्हणून कथा संपल्यावर आपण झाडाकडे बघत नाही, स्वतःकडे बघतो. याच मतकरींनी २०१४ मध्ये ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. ठाण्याच्या वस्त्यांमधली मुले तिथे स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवू लागली. गूढाचा लेखक आणि वस्तीतल्या मुलांच्या खऱ्या प्रश्नांना रंगमंच देणारा कार्यकर्ता एकच होता, यात मला आता विसंगती वाटत नाही.

कारकून, शिक्षक, तंत्रज्ञ, बँकेतला नोकर. चौघांपैकी एकही झपाटलेला नाही! चौघांनीही आपली भीती नेटाने, टिपणे काढून, रोजच्या जगण्याची वीट वीट रचून उभी केली. आणि म्हणूनच त्यांच्यापैकी कोणाला वाचकासमोर उभे राहून 'ही सत्यघटना आहे' अशी शपथ घ्यावी लागली नाही. वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते की, ही कादंबरी आहे. तो आपल्या पायांनी त्या अंधारात शिरतो आणि पुस्तक मिटून बाहेर येतो. मी मात्र शेजाऱ्यांना अंधारात नेले आणि बाहेर येण्याचे दार लावून घेतले. माझ्या कसबात जी उणीव होती ती मी एका खोट्या वाक्याने भरून काढली. त्या वाक्याची किंमत चार दिवसांच्या तापाने एका लहान मुलाने मोजली.

आपल्याकडे काही रसिक भयकथेला हलके वाङ्मय समजतात. काहींना वाटते, अशा लेखनाने अंधश्रद्धा वाढते. पहिला आक्षेप मला मान्य नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण दोष कथेचा नाही. अफवेला कथा म्हणून आणि कथेला बातमी म्हणून खपवणाऱ्याचा आहे.

असो. यंदा मी तीच कथा पुन्हा लिहिली. या वेळी रात्री नव्हे, रोज सकाळी लोकलला निघण्यापूर्वी तासभर बसून, सव्वा महिना. त्यात पिंपळ नाही. ताप आलेले मूल आहे, त्याच्या उशाशी बसलेली आई आहे आणि चार रात्री आहेत. गल्लीत वाचण्याआधी मी ती शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, मग हळूच विचारले, "पण पोरगा बरा होतो ना रे?"

कथेत मी ते लिहिले नव्हते. घरी येऊन लिहिले.