शेणाचे पांडव आणि कोयत्याचे पंचांग

सणाची सजावट म्हटली की जपून ठेवलेली वस्तू आठवते. जर्मनीतल्या लाउशा गावात एकोणिसाव्या शतकापासून काचेचे गोळे फुंकून तयार होतात. नाताळ सरला की ते खोक्यात जातात आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आपल्याकडे महालक्ष्म्यांचे मुखवटे असेच सासूकडून सुनेकडे येतात. पण आमच्या तिसगाव परिसरात (ता. पाथर्डी) बायका दिवाळीची जी सजावट सर्वांत जिव्हाळ्याने सांगतात, ती जपून ठेवण्यासाठी नसतेच. ती शेणाची असते.

वसुबारसेपासून रोज सकाळी सारवलेल्या अंगणात ताज्या शेणाच्या गवळणी होतात. सोबत पेंद्या, गोठा, जाते, उखळ, चूल. डोळ्यांना ज्वारीचे दाणे, डोक्यावर झेंडूची पाकळी. पाडव्याला दारात पांडव बसतात. सण झाला की सगळ्यांच्या गोवऱ्या. आमच्या घरी रथसप्तमीला त्यांवरच दूध उतू घालत. पुढच्या वर्षी पुन्हा नवे शेण, पण घडवण्याची रीत तीच. गवळणीचा घाट पाहून सून कोणत्या गावची हे ओळखणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत.

हे सारे मी कोयत्याच्या संदर्भात पाहू लागलो. पाथर्डी हा ऊसतोडकऱ्यांचा तालुका. तिसगावपासून जवळच आदिनाथनगरला वृद्धेश्वर साखर कारखाना आहे, तरी मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या दूरदूर जातात. हंगामाची तारीख सरकार ठरवते, दिवाळी पंचांग ठरवते, आणि या दोघांचा मेळ नसतो. २०२४ मध्ये पाडवा २ नोव्हेंबरला आणि हंगाम १५ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये पाडवा २२ ऑक्टोबरला, हंगाम १ नोव्हेंबरला. या दोन वर्षी सण घरी करून निघता येत होते. पण २०२२ मध्ये हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू झाला नि पाडवा २६ ला आला. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे पाडवा १४ नोव्हेंबरपर्यंत लांबला, हंगाम मात्र १ नोव्हेंबरचा. अशा वर्षी ज्यांना वेळेवर निघावे लागते, त्यांची दिवाळी फडाशेजारच्या कोपीत होते.

बैलगाडीवाल्या टोळीच्या बाईला मी विचारले, तिथे दिवाळीचे काय करता? ती म्हणाली, ‘‘काय करायचं भाऊ, कंदील घरी राहतो. शेण काय, बैलं आहेत की संगं.’’ कोपीपुढची हातभर जागा सारवून ती पांडव घालते. बिऱ्हाडात एका भांड्याचीही जागा मोजून असते, तिथे हा सण कोणाला वाहून न्यावा लागत नाही. मला वाटते, ही सजावट टिकली ती यामुळे. शेण पवित्र म्हणून, हे उत्तर मला अपुरे वाटते.

उलट मागे राहिलेल्या घरांत आता जनावर नाही आणि अंगणात फरशी आहे. तिथे म्हाताऱ्या शेजारून पाटीभर शेण मागून आणतात. काही घरांत तेही थांबले आहे.

माझ्या या मांडणीत न बसणारे एक घर मात्र मला भेटले. तिथली आजी रथसप्तमीला सगळ्या गोवऱ्या जाळते, पण सुनेने जाण्याआधी केलेली एक गवळण उतरंडीमागे ठेवते. टोळी परतते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. गवळणीची झेंडूची पाकळी तोवर झडून गेलेली असते. सून आली की पहिल्या दिवशी तिच्यासमोरच आजी ती चुलीत घालते आणि चहा ठेवते.