कितीची आहे हो?

संध्याकाळचे साडेसहा. गुहागरमधल्या एका लॉजच्या पायऱ्यांशी आम्ही चौघं सायकली धरून उभे आहोत. डिसेंबर असूनही पाठ ओलीचिंब आहे. सकाळी श्रीवर्धन सोडलं, बागमांडल्याला एक फेरीबोट धरली, दाभोळला दुसरी. वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो तेव्हाच पायांनी राजीनामा दिला होता. पुण्याहून गोव्याला निघालेल्या माणसाला दुसऱ्या मुक्कामी दोनच गोष्टी हव्या असतात, आंघोळ आणि भात. पण त्याआधी काउंटरवरची बोलणी उरकावी लागतात.

"सायकली इथंच लावा की साहेब. वॉचमन असतो रात्रभर," रजिस्टर आमच्याकडे फिरवत मॅनेजर म्हणतो.

"खोलीत नेल्या तर चालतील?" डॉक्टरीणबाई विचारतात. अशा वेळी आम्ही त्यांनाच पुढे करतो.

मॅनेजरची नजर आधी टायरवरच्या लाल मातीवर जाते, मग फरशीवर. "मागं एक ग्रुप आला होता. आमच्या टॉवेलांनी चेन पुसली. पांढऱ्या टॉवेलांनी."

"कुठला ग्रुप?"

"पुण्याचाच."

आम्ही चौघंही एकदम आधार कार्डं शोधू लागतो.

आमच्यातल्या बँकवाल्या काकांनी चाळीस वर्षं लोकांच्या ठेवी सांभाळल्या, त्यामुळे वाटाघाटी त्यांना जमतात. ते सायकलचा विषयच सोडून देतात. उद्या तवसाळहून जयगडची पहिली बोट किती वाजता, जेवणात सोलकढी आहे ना, असं विचारत राहतात. दहा मिनिटांनी मॅनेजर आपणहून म्हणतो, "जिन्याखाली चादरी ठेवायची खोली आहे. दार भक्कम आहे. पण भिंतीला टेकवायच्या नाहीत. परवाच रंग दिलाय."

खोलीत गाद्यांची चळत आहे, फिनेलचा वास आहे आणि एक मोडका कूलर. जुनी वर्तमानपत्रं अंथरून आम्ही सायकली आत घेतो. प्रत्येक सायकल डाव्या अंगावर कलती करायची. गिअर बदलणारा तो नाजूक सांगाडा उजवीकडे असतो. तो भिंतीवर आपटला, त्याचा आधार जरासा वाकला, की सकाळी चेन हव्या त्या दातावर बसत नाही. मागचे दिवे, मीटर, पिशव्या काढून खोलीवर न्यायच्या. दार लहान असल्यामुळे सॉफ्टवेअरवाला पोरगा पुढचं चाक काढून सायकल आत घेतो आणि लगेच डिस्क ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचतो. चाक नसताना कुणी गंमत म्हणून ब्रेक दाबला तर आतले पॅड एकमेकांना चिकटतात. मग पहाटे स्क्रूड्रायव्हर घालून ते फाकवत बसावं लागतं. चोर रोज येत नाही. गंमत करणारा मात्र प्रत्येक लॉजमध्ये असतो.

एवढ्यात मागून तो प्रश्न येतो.

"कितीची आहे हो?"

दारात वॉचमन मामा उभे आहेत. साठीचे असावेत. अंगात मफलरसकट खाकी स्वेटर, हातात बॅटरी. त्यांची स्वतःची काळी ॲटलस बाहेर आंब्याच्या बुंध्याला टेकलेली आहे. तिच्या मागच्या चाकाचं गोल कुलूप गंजून उघडंच अडकलंय.

या प्रश्नाचं उत्तर आम्ही ताम्हिणी घाटातच ठरवून ठेवलंय. माझी सायकल पंच्याऐंशी हजारांची. सांगायची किंमत बारा. डॉक्टरीणबाई पंधरा म्हणतात, त्यांना अगदीच खोटं बोलवत नाही.

"बारा हजार," मी म्हणतो.

"बारा?" मामा बॅटरीचा झोत फ्रेमवरच्या अक्षरांवर सावकाश फिरवतात. "गिअरची म्हणून असेल."

हे खोटं लाजेपोटी निम्मं आणि भीतीपोटी निम्मं. सहा वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत (गावाचं नाव राहू द्या) मी लॉजच्या मागच्या जाळीला सायकल बांधून निवांत झोपलो होतो. कुलूप केबलचं, पुढच्या चाकातून ओवलेलं. त्या चाकाला नट नव्हता. खटका उलटवला की चाक हातात. सकाळी जाऊन बघतो तर जाळीला माझं कुलूप शाबूत, कुलुपात माझं चाक शाबूत. बाकी काहीच नाही. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "फ्रेम नंबर?" तो असतो पेडलच्या आसाखाली, सायकल उलटी केल्यावर दिसतो. मी ती कधी उलटी केलीच नव्हती. शेवटी "निळी सायकल, एक चाक कमी" असा अर्ज लिहून एसटीने घरी आलो, ते चाक मांडीवर घेऊन. कंडक्टरने त्याचं सामानाचं भाडं लावलं नाही, एवढंच.

म्हणून आता बंद खोलीतही मी कुलूप लावतो. पोराकडे पोलादी कडीचं जाडजूड कुलूप आहे, किलोच्या वरचं. घाटात आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली होती. आता तेच दोन फ्रेम आणि खिडकीचा गज यांतून आरपार जातं, तेव्हा सगळे आदराने बघतात. केबलला चांगल्या कटरचा एक दाब पुरतो. या कडीला करवत चालवावी लागेल, आणि त्या आवाजाने मॅनेजरच नव्हे, समोरच्या सुरूच्या बनातले कावळेही उठतील.

आठच्या सुमाराला नाशिकची एक गाडी येते. मागच्या कॅरिअरवर दोन सायकली, पट्ट्यांनी आवळलेल्या. गृहस्थांचा बेत त्या तशाच ठेवायचा आहे. "कॅरिअरला लॉक आहे," ते सांगतात. डॉक्टरीणबाई नाडी बघावी तशी पट्टी बोटांत धरतात. "लॉक कॅरिअरला आहे. सायकल पट्टीवर आहे. पट्टी ब्लेडने कापली जाते." गृहस्थ मॅनेजरकडे बघतात, मॅनेजर नव्या रंगाच्या भिंतीकडे. शेवटी चादरींच्या खोलीत सहा सायकली होतात आणि गाद्यांची चळत जिन्यात येते. किल्ली मॅनेजर स्वतःच्या खिशात टाकतो.

भात होतो, सोलकढीही होते. रात्री दोनदा जाग येते. एकदा कुत्री भुंकतात तेव्हा आणि एकदा ती गप्प होतात तेव्हा. दुसऱ्या खेपेला गॅलरीत येऊन वाकून बघतो. जिन्यापाशी बॅटरीचा पिवळा ठिपका हलतोय. मी परत आडवा होतो.

पहाटे सव्वापाचला खाली उतरतो तर चादरींच्या खोलीच्या दाराला आडवी खाट. खाटेवर मफलर गुंडाळून मामा उठून बसलेले. खाटेच्या पायाला सुतळी बांधली आहे आणि तिचं दुसरं टोक दाराच्या कडीला.

"इथं झोपलात?"

"झोपतोय कुठला." मामा सुतळी सोडायला लागतात. "पोरगा आलाय मुंबईहून. त्याला ते नाव सांगितलं, सायकलीवरचं. त्यानं मोबाईलात बघितलं." गाठ सुटत नाही. ते ती दाताने ओढतात. "मग म्हटलं, खाट इथंच टाकू."

माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मॅनेजर डोळे चोळत किल्ली आणतो. आमचा पोरगा कुलूप काढतो. मी सायकल बाहेर घेतो, मागचा दिवा परत बसवतो, टायर दाबून बघतो, नसलेली धूळ पुसतो. खिशातून दोनशेची नोट काढतो. मामा तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात.

"ते राहू दे. एक चक्कर मारू काय?"

मी सीट दोन बोटं खाली करतो. गिअरचं बटण दाखवायला लागतो, ते हातानेच नको म्हणतात. चपला काढून पायऱ्यांवर नीट जोडून ठेवतात, टांग टाकतात आणि फाटकाबाहेर पडतात. अंधारात मागच्या चाकाची टकटक ऐकू येते, लाल दिवा लुकलुकत व्याडेश्वराच्या देवळाच्या बाजूला जातो. वळणावर दिसेनासा होतो.

पायऱ्यांवर मामांच्या चपला आहेत. आंब्याला टेकलेली ॲटलस आहे. नाशिकचे गृहस्थ चहाचा कप घेऊन बाहेर येतात आणि मला विचारतात, "तुमची कुठंय?"