वाढीव खोलीची भिंत गिलाव्यापूर्वी पारखा

सोयाबीन व तूर विकून चार पैसे हाती आले, की वाशीम जिल्ह्यातील पुष्कळ शेतकरी राहत्या घराला एखादी खोली जोडतात. कोठे ती बियाण्याच्या पोत्यांसाठी असते, तर कोठे वाढत्या कुटुंबासाठी. गवंडी भिंत उभारतो, तीवर गिलावा चढतो आणि काम पुरे झाले असे आपण समजतो. परंतु गिलाव्याने वाईट बांधणी झाकली जाते, सुधारत नाही. पुढे भेगा पडतात, ओल येते, बियाणे बिघडते आणि त्याच भिंतीच्या आधाराने मुले निजतात. म्हणून भिंतीची पारख गिलाव्यापूर्वीच झाली पाहिजे.

जमिनीचा स्वभाव

जिल्ह्याच्या बऱ्याच भागात कापसाची काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. यास्तव पाया काळ्या थराखालील कठीण मुरुमापर्यंत न्यावा. जुने घर स्थिरावलेले असते. नवी खोली अजून दबावयाची असते. दोन्ही भिंती एकमेकींत घट्ट जखडल्या, तर त्यांच्या जोडावर भेग पडण्याचा संभव असतो. तेव्हा नव्या खोलीचा पाया व भिंती स्वतंत्र ठेवाव्यात, छपराचा भार जुन्या भिंतीवर टाकू नये आणि जोडावरील उभी फट लवचीक द्रव्याने बुजवावी.

चार परीक्षा

१. ओळंबा लावावा. ३ मीटर उंचीत ६ मिलिमीटरहून अधिक कल असल्यास तो दोष समजावा.
२. उभे सांधे पाहावेत. एका थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये.
३. सांधे सुमारे १० मिलिमीटर जाडीचे व मालाने पूर्ण भरलेले असावेत. भिंतीतून उजेड दिसल्यास सांधे पोकळ आहेत.
४. सात दिवसांनंतर सांध्यावर खिळा ओढावा. माल रेतीसारखा गळू लागल्यास सिमेंट कमी पडले किंवा भिंतीवर पाणी पुरेसे मारले गेले नाही, असे समजावे.

भिंत जाड असली म्हणजे ती बळकट असते, हा समज चुकीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरातील भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. त्या दगडांची परस्परांत नीट गुंफण नव्हती.

दोष आढळल्यास

केवळ सांधे वरवर रिकामे असतील, तर ते सुमारे २ सेंटिमीटर खोल खरवडून, धुऊन, १ भाग सिमेंट व ३ भाग रेतीच्या मालाने भरावेत. उभे सांधे एकावर एक आले असतील वा भिंत कलली असेल, तर सदोष थरापर्यंतचे काम उतरवावे. माल ओला असता विटा अखंड निघतात. तो घट्ट झाल्यावर त्या फुटतात. मालच भुसभुशीत असेल, तर भिंत पुन्हा बांधण्यावाचून उपाय नाही. छपराचा भार असलेली भिंत टेकू दिल्याशिवाय कदापि उतरवू नये.

पुन्हा बांधताना विटा भिजवून घ्याव्यात. २३ सेंटिमीटर भिंतीसाठी १ भाग सिमेंटास ६ भाग रेती घ्यावी. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात वापरावा. वाळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नये. दिवसाला १ मीटरहून अधिक उंच बांधकाम करू नये आणि किमान सात दिवस भिंत ओली ठेवावी.

गवंड्याशी व्यवहार

कामापूर्वीच मालाचे प्रमाण, भिंतीची जाडी व मजुरीचे टप्पे लिहून घ्यावेत. प्रत्येक मीटर उंचीनंतर दोघांनी मिळून ओळंबा लावावा व मगच पुढील मजुरी द्यावी. दोष आढळल्यास भांडण न करता तो ओळंब्यासह दाखवावा. चांगला गवंडी परीक्षेला भीत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांधकामाच्या हंगामात अशा एखाद्या भिंतीपाशी शेतकरी व गवंडी यांना एकत्र बोलावून या चारही परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. एक दिवस खर्चून उतरवलेले चार थर पुढील अनेक वर्षांची चिंता वाचवतात.