छोट्या ट्रॅक्टरसाठी माती सारणारे पाते कसे निवडावे?

वाशीम जिल्ह्यातील शेती प्रामुख्याने कोरडवाहू आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत सोयाबीन व तूर ही मुख्य पिके असून जमीन कुठे खोल काळी, कुठे मध्यम, तर टेकड्यांच्या उतारावर हलकी मुरमाड आहे. जमिनीचे तुकडे लहान झाल्याने आणि बैलजोडी पोसणे परवडेनासे झाल्याने १५ ते २० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर गावोगावी आले. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील बचत गटांनाही शासकीय योजनेतून ९० टक्के अनुदानावर असे ट्रॅक्टर मिळाले. वखरणी, डवरणी, फवारणी या कामांसाठी ते उपयोगी ठरले. आता पडलेला धुरा नीट करणे, शेतातील घळ बुजविणे, गाळ पसरविणे, पांदण रस्ता सारखा करणे याही कामांसाठी ट्रॅक्टरला पाते, म्हणजेच ब्लेड, बसविण्याकडे शेतकऱ्यांचा कल आहे.

पाते हे दिसायला अगदी साधे अवजार आहे. परंतु चुकीचे पाते घेतले तर डिझेल जळते, टायर झिजतात आणि सर्वांत वाईट म्हणजे शेतातील कसदार वरची माती हलते. ती पुन्हा तयार व्हायला पिढ्या लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मालेगाव तालुक्यातील घरच्या शेतात हेच घडले. थोरल्या बंधूंनी छोट्या ट्रॅक्टरला सहा फुटी पाते घेतले. पाते माती धरीना म्हणून त्यावर दोन मुले बसविली. त्यातला एक जण घसरून पडला. सुदैवाने खरचटण्यावर भागले. पुढे पात्याला दगड बांधून उंचवटा वीतभर कापला. खालची पांढरी चुनखडी वर आली आणि त्या जागी सलग दोन वर्षे सोयाबीन पिवळे पडले. म्हणून पाते घेण्यापूर्वी थोडा हिशेब करणे आवश्यक आहे.

पात्याचे प्रकार

१) मागे बसणारे पाते : हे ट्रॅक्टरच्या मागील तीन बिंदू जोडणीला बसते व हायड्रॉलिकने उचलले जाते. किंमत कमी, जोडणे सोपे. पाते तिरपे करून माती एका बाजूला टाकता येते. चर भरणे, धुऱ्याला माती लावणे, रस्त्याला मधोमध उंची देणे यासाठी चांगले. दोष असा की, ट्रॅक्टर आधी उंचसखल जागेवरून जातो व पाते मागून येते. त्यामुळे ट्रॅक्टर डोलेल तसे पातेही डोलते. चालकाला सतत मान वळवून मागे पाहावे लागते.

२) पुढे बसणारे पाते : माती ढकलण्यासाठी हे चांगले, कारण काम डोळ्यांसमोर दिसते. परंतु त्याला वेगळे हायड्रॉलिक सिलिंडर व मजबूत चौकट लागते. ही चौकट ट्रॅक्टरच्या सांगाड्याखालून मागील आसापर्यंत गेलेली असावी, म्हणजे धक्का तेथे पोचतो. नुसते पुढच्या आसाला वेल्डिंग करून बसविलेले पाते घेऊ नये. छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा आस असा भार सोसण्यासाठी बनविलेला नसतो.

३) लेव्हलर : याला दोन्ही बाजूंना पत्रे असतात, त्यामुळे माती बाजूला न सांडता पुढे वाहून नेता येते. जुन्या काळी बैलांच्या केणीने जे काम होई तेच हे. उंचवट्याची माती खोलगट जागी न्यायची असेल तर पात्यापेक्षा लेव्हलर बरा.

४) लेझर लेव्हलर : काम अत्यंत अचूक होते, पण त्याला साधारण ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. ओलिताची मोठी जमीन असल्यास तो भाड्याने आणावा. छोट्या ट्रॅक्टरचे ते काम नव्हे.

वाशीमसारख्या भागात, जेथे धुरा, चर, गाळ व पांदण ही किरकोळ पण नित्याची कामे आहेत, तेथे बहुतेकांना मागे बसणारे तिरपे होणारे पाते पुरेसे होते.

खरी मर्यादा वजनाची

'माझा ट्रॅक्टर अठरा अश्वशक्तीचा आहे, सहा फुटी पाते सहज ओढेल', असे पुष्कळ जण म्हणतात. हा समज बरोबर नाही. ओढीला लागणारी अश्वशक्ती काढण्याचे सूत्र सोपे आहे. ओढ (किलो) गुणिले वेग (ताशी किलोमीटर) भागिले २७०. समजा ३०० किलो ओढ व ताशी ४ किलोमीटर वेग आहे. ३०० × ४ ÷ २७० म्हणजे सुमारे साडेचार अश्वशक्तीच लागते. इंजिनाकडे शक्ती भरपूर उरते. पण चाक जागेवर फिरू लागते. म्हणजे अडचण इंजिनाची नसून चाकाच्या पकडीची, अर्थात ट्रॅक्टरच्या वजनाची आहे.

दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर कोरड्या, घट्ट जमिनीवर आपल्या वजनाच्या साधारण ३५ ते ४० टक्के ओढ देतो. चालकासह ८५० किलो भरणारा ट्रॅक्टर धरला तर ही ओढ सुमारे ३०० किलो होते. चारही चाकांवर चालणारा ट्रॅक्टर यापेक्षा बरीच जास्त ओढ देतो. ओल्या काळ्या जमिनीत मात्र दोघांचीही पकड सुटते.

आता पात्याला किती ओढ लागते ते पाहू. काळी माती कापताना प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलो ओढ धरावी. पाते १४० सेंमी रुंद व काप २ सेंमी खोल असल्यास क्षेत्र २८० चौ. सेंमी आणि ओढ १६८ किलो. शिवाय ३५ सेंमी उंचीच्या पात्यापुढे साचणाऱ्या मातीचे वजन १३५ ते १४० किलो भरते व ते घसरत नेण्यास ९० किलोच्या आसपास ओढ लागते. एकूण सुमारे २६० किलो. हे ३०० च्या आत बसते.

हेच गणित सहा फुटी, म्हणजे १८३ सेंमी पात्यासाठी केले तर कापण्यास २२० व माती सारण्यास ११५ ते १२०, एकूण सुमारे ३४० किलो लागते. येथे चाक फिरणार हे उघड आहे. आणि १४० सेंमी पातेही ३ सेंमी खोल घातले तर ओढ ३४० किलोच्या घरात जाते. म्हणून पाते लहान असो वा मोठे, एका फेरीत दीड ते दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त कापू नये. फेऱ्या वाढल्या तरी चालतील.

परदेशातील चित्रे पाहून फसू नये

हल्ली मोबाईलवर छोट्या ट्रॅक्टरने रुंद पाते भरधाव ढकलत नेल्याची चित्रे दिसतात. ती बहुधा थंड देशांतील, रस्त्यावरचे बर्फ सारतानाची असतात. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचा एक घनमीटर १०० किलोच्या आसपास भरतो. आपल्या सुट्या मातीचा घनमीटर १२०० किलोच्या घरात जातो. बारापट फरक झाला. शिवाय बर्फ फक्त सारायचे असते, माती कापायचीही असते. त्यामुळे तेथील रुंदी येथे लागू पडत नाही.

पात्याची रुंदी कशी ठरवावी?

पाते फार अरुंदही नसावे. पाते तिरपे केल्यावरही त्याने मागील दोन्ही चाकांच्या खुणा झाकल्या पाहिजेत. पाते ३० अंशांत वळविले की त्याची कामाची रुंदी मूळ रुंदीच्या सुमारे ८७ टक्के उरते. टेपने मागील चाकांचे बाहेरून बाहेर अंतर मोजावे. समजा ते ११० सेंमी आहे. दोन्ही बाजूंना ५ सेंमी जादा धरून १२० सेंमी हवे. १२० भागिले ०.८७ म्हणजे सुमारे १४० सेंमी. म्हणजे या ट्रॅक्टरला साडेचार ते पावणेपाच फुटी पाते योग्य. आपल्या ट्रॅक्टरची मापे घेऊन असाच हिशेब करावा.

खरेदी करताना पुढील बाबी पाहाव्यात

१) जोडणी : आपल्या ट्रॅक्टरच्या खालच्या दोन दुव्यांतील अंतर व पिनेची जाडी मोजून न्यावी. कॅटेगरी-१ जोडणीत खालची पिन २२ मि.मी. असते. काही छोट्या ट्रॅक्टरांना अरुंद जोडणी असते. त्यांना नेहमीचे पाते बसत नाही.

२) वजन : आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे हायड्रॉलिक पाते उचलते, पण खाली दाबत नाही. पाते स्वतःच्या वजनानेच मातीत उतरते. फार हलके पाते घट्ट जमिनीवरून नुसते घासत जाते. फार जड असेल तर उचलताना पुढची चाके हलकी होतात. माहितीपत्रकातील उचल क्षमता पाहावी व गरज असल्यास पुढे वजने लावावीत.

३) धारेची पट्टी : ती वेगळी, बोल्टने बसविलेली व उलटवून वापरता येणारी असावी. एक बाजू झिजली की दुसरी वापरता येते. वेल्डिंग केलेली पट्टी झिजली की सगळे पाते कारखान्यात न्यावे लागते.

४) तिरपेपणा : डावीकडे व उजवीकडे निदान दोन-दोन ठिकाणी पिन लावून पाते वळविता यावे. पिनेची भोके सैल नसावीत.

५) उलटे वळविण्याची सोय : पाते उलटे फिरवून रिव्हर्समध्ये माती ढकलता आली तर उपयोग होतो. मात्र ती हलक्या हाताने ढकलावी. धडक दिल्यास खालचे दुवे वाकतात.

काम करताना

काळी माती फार ओली असता पात्याला चिकटते व खाली दडपली जाते; फार कोरडी असता ढेकळे निघतात. मूठभर माती दाबून लाडू करावा. तो वळला जाऊन बोटाने दाबताच फुटला व हाताला माती चिकटली नाही, तर वाफसा योग्य समजावा. हरभरा किंवा गहू निघाल्यानंतर आधी उथळ कल्टिव्हेटर मारून माती सुटी करावी व मगच पाते लावावे. पात्याचे काम माती सारण्याचे आहे, नांगरण्याचे नव्हे.

वरचा दुवा लांबविला की पात्याचा माथा मागे कलतो, धार पुढे येते व माती जास्त कापली जाते. दुवा आखूड केला की धार मागे राहते व माती नुसती सारखी होते. सुरुवातीला पहिली व शेवटच्या फेऱ्यांना दुसरी पद्धत ठेवावी.

माती किती हलवायची याचाही अंदाज घ्यावा. एका एकरावर फक्त एक सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे ४० घनमीटर, म्हणजेच १४ ब्रास माती होते. छोट्या ट्रॅक्टरने सबंध शेत सपाट करण्याचा हट्ट म्हणूनच धरू नये. उंचवटा कापण्यापूर्वी तेथे हातभर खड्डा घेऊन मुरूम किंवा चुनखडी किती खाली आहे ते पाहावे. जमीन उथळ असल्यास कापू नये. कापावेच लागले तर वरची माती आधी बाजूला काढून काम झाल्यावर पुन्हा पसरावी आणि त्या जागी भरपूर शेणखत द्यावे.

तसेच काळी जमीन अगदी पाटासारखी सपाट करू नये. सोयाबीनच्या मुळाशी पाणी साचल्यास पीक पिवळे पडते. १०० मीटरला २० ते ४० सेंमी इतका सौम्य उतार ठेवावा. तो पाहण्यास गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी होते.

शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ साली सुरू झाली, तेव्हापासून तलावातील गाळ शेतात टाकण्याचे प्रमाण वाढले. हलक्या, मुरमाड जमिनीला गाळ फार मानवतो. एक ब्रास गाळ ५ सेंमी जाडीने पसरल्यास सुमारे ५६ चौ. मीटर जागा झाकतो. म्हणून एक ब्रासच्या ट्रॉलीचे ढीग एकमेकांपासून साडेसात मीटर, म्हणजे साधारण २५ फूट अंतरावर, चौकटीत टाकून घ्यावेत. असे केल्यास पात्याला प्रत्येक ढीग चार मीटरच सारावा लागतो व छोटा ट्रॅक्टर दमत नाही. एकाच ठिकाणी मोठा ढीग टाकला तर पुढे जेसीबीच बोलवावा लागतो.

सुरक्षितता

पात्यावर वजन म्हणून कोणालाही, विशेषतः मुलांना, कधीही बसवू नये. वजन लागल्यास वाळूची पोती घट्ट बांधावीत. कठडा नसलेल्या विहिरीच्या व नाल्याच्या काठापासून निदान ट्रॅक्टरच्या लांबीइतके दूर राहावे. धुऱ्यावर आडवा ट्रॅक्टर चालवू नये. काम थांबविताना पाते जमिनीवर टेकवावे आणि पाते उचललेले असताना त्याखाली हात घालू नये.

पाते घेण्यापूर्वी शक्य असल्यास एक दिवस भाड्याने आणून स्वतःच्या शेतात चालवून पाहावे. चाक फिरते का, पाते चाकाच्या खुणा झाकते का आणि पाते उचलल्यावर सुकाणू हलके होते का, या तीन गोष्टी पाहिल्या की निर्णय आपोआप होतो. शंका असल्यास रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात विचारणा करावी. शेतकरी बंधूंनो, वखराची पास जमिनीप्रमाणे व बैलांप्रमाणे निवडावी हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. ट्रॅक्टरचे पातेही तसेच निवडावे.