वधस्तंभ वाहणे म्हणजे मार सोसणे नव्हे



पाड्यांवर भेटीला गेले की भगिनींच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकते, “ताई, हा माझा वधस्तंभ आहे, मलाच वाहायला हवा.” हा वधस्तंभ म्हणजे दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार. कधी मंडळीचे वडीलही प्रार्थना करून हेच सांगतात आणि तिला घरी पाठवतात. म्हणून शास्त्र काय शिकवते ते नीट पाहू या.

शिष्याने वधस्तंभ उचलावा असे प्रभूने शिकवले, ते त्याच्यासाठी व सुवार्तेसाठी (मार्क ८:३४-३५). नवऱ्याचे पाप झाकण्यासाठी नाही. प्रभूनेही प्रत्येक मार मुकाट्याने सोसला नाही. नासरेथात लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०). प्रमुख याजकापुढे शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने मारण्याचे कारण विचारले (योहान १८:२२-२३). आपला प्राण त्याने स्वतः होऊन दिला (योहान १०:१८). मार खाणाऱ्या बाईला निवड कोण देतो?

मग दुःखी भगिनीला वधस्तंभ काय सांगतो? निर्दोष असताना चारचौघांत मार खाणे, थट्टा होणे, वस्त्रे काढून घेतली जाणे, हे सर्व देवाच्या पुत्राने भोगले आहे. तो तिच्या बाजूला आहे. लाज मारणाऱ्याला वाटली पाहिजे, तिला नव्हे.

आणि पुनरुत्थान? रिकाम्या कबरेची वार्ता प्रथम स्त्रियांनी आणली. मरीया मग्दालीया, योहान्ना आणि याकोबाची आई मरीया यांनी ती प्रेषितांना सांगितली, पण त्यांना ती वायफळ बडबड वाटली (लूक २४:१०-११). साक्ष मात्र खरी निघाली. पुढे प्रभूने थोमाला आपल्या जखमा दाखवल्या (योहान २०:२७). पुनरुत्थित प्रभूने जखमा लपवल्या नाहीत, तर आपल्या भगिनींनी का लपवाव्यात? क्षमा करणे वेगळे आणि पुन्हा मार खायला जाणे वेगळे.

म्हणून माझी विनंती आहे. कोणी भगिनी आपले दुःख सांगेल तेव्हा आधी तिच्यावर विश्वास ठेवा. प्रार्थना जरूर करा, पण रात्री तिला आसराही द्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. घर तिच्या नावावर नसले तरी तिला त्यात राहण्याचा हक्क हा कायदा देतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्याबरोबर जा. एकटीला पाठवू नका.

पुनरुत्थित प्रभू आपल्या मंडळ्यांना ऐकणारे कान देवो. आमेन.